नालंदातील परदेशी विद्यार्थ्याचा दिवस

माझी पुतणी दोन वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका विद्यापीठात एका सत्रासाठी शिकायला गेली होती. दोन विद्यापीठांत करार असतो, त्यांची मुले इकडे येतात, आपली तिकडे जातात. आमच्या घरातून समुद्रापलीकडे गेलेली ती पहिलीच. दर रविवारी तिचा फोन यायचा. माझा भाऊ विचारायचा, "अभ्यास कसा चाललाय?" आणि ती सांगायची भाताविषयी. स्वयंपाकघर चौघांत एक, फ्रिजमध्ये प्रत्येकाचा एकेक कप्पा, कचऱ्याचे चार डबे, कुठला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा यावरून झालेली बोलाचाली. भाऊ वैतागायचा. "एवढा खर्च करून हिला पाठवलं आणि ही डबे मोजत बसलीय!" मी म्हटलं, "अरे, तिला सांग, हेच सगळं लिहून ठेव. अभ्यासाचं पुस्तकात सापडेल, डब्यांचं कुठे सापडणार नाही."

असे म्हणण्याचे कारण, त्याच सुमारास मी इत्सिंगचा वृत्तांत वाचत होतो. विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासाचे द्या, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा त्याच्याविषयीच लिहावे असे ठरवले. ह्युएन त्संगचे नाव शाळेच्या पुस्तकामुळे आपणा सर्वांना ठाऊक असते. इत्सिंगचे नाव त्याच्या मागोमाग एका ओळीत येते आणि जाते. पण नालंदाच्या विद्यापीठात माणसे सकाळी उठून काय करीत, दात कशाने घाशीत, आंघोळीला कुठे जात, जेवायला कशी बसत, हे आज जे काही आपल्याला माहीत आहे त्यातले पुष्कळसे या एका परदेशी विद्यार्थ्याने लिहून ठेवले म्हणून माहीत आहे.

इथे थोडी खंत व्यक्त केल्याशिवाय राहवत नाही. नालंदात धर्मपालांसारखे, शीलभद्रांसारखे आचार्य होऊन गेले. त्या परंपरेतून तर्कशास्त्रावर, विज्ञानवादावर ग्रंथ निर्माण झाले. पण सकाळची घंटा कितीदा वाजे, हे कोणा भारतीय आचार्याला लिहावेसे वाटले नाही. रोजचे होते ना! रोजचे कोण लिहितो? आपल्याच विहाराची सुरुवातीची इतिवृत्ताची वही मी या स्मरणिकेसाठी चाळली. पानापानावर एकच वाक्य आहे, "सभा खेळीमेळीत पार पडली." सतरंजी कोणाकडून आणत, पाणी कोण भरी, वंदना झाल्यावर पोरे कंदिलाच्या उजेडात अभ्यासाला कशी बसत, यातले एक अक्षर नाही. जे सांगू शकले असते त्यातले बहुतेक आता नाहीत.

इत्सिंगचा जन्म इ. स. ६३५ चा. ह्युएन त्संग भारतातून परतला तेव्हा हा दहा वर्षांचा मुलगा होता. त्याच्यासारखे आपणही भारतात जावे, ही इच्छा त्याने तरुणपणीच धरली. पण प्रत्यक्ष निघायला ६७१ साल उजाडले. बरोबर यायला कबूल झालेले सहकारी एकेक करून गळाले. निघण्यापूर्वी तो आपल्या दिवंगत गुरूच्या समाधीवर जाऊन निरोप घेऊन आला. मग कँटनच्या बंदरातून एका इराणी व्यापारी जहाजाने तो दक्षिणेला निघाला. सोबतीला एक तरुण शिष्य तेवढा होता, आणि तोही पुढे आजारी पडून सुमात्रातूनच मायदेशी परतला.

वीस दिवसांच्या आत जहाज सुमात्रा बेटावरील श्रीविजयाला, म्हणजे आजच्या पालेंबांगला लागले. इथे तो सहा महिने राहिला आणि संस्कृत व्याकरणाला हात घातला. श्रीविजयात तेव्हा हजारावर भिक्खू होते आणि त्यांचे आचारनियम भारतातल्यासारखेच होते. म्हणून इत्सिंगने आपल्या देशबांधवांना पुढे सल्ला दिला की, भारतात शिकायला जाणाऱ्याने आधी इथे एक-दोन वर्षे थांबून सराव करावा आणि मग पुढे जावे. आता परदेशी जाणारी मुले भाषेच्या शिकवणीला जातात, त्यातलाच हा प्रकार म्हणायला हरकत नाही.

६७३ साली तो बंगालमधल्या ताम्रलिप्ती बंदरात, आजच्या तामलुकला उतरला. तिथेही घाई केली नाही. एक वर्ष राहून संस्कृत पक्के केले. तिथे त्याला एक चिनी भिक्खू भेटला, तो भारतात बरीच वर्षे राहिलेला, महायानप्रदीप हे भारतीय नाव घेतलेला. दोघे मिळून शेकडो व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर मगधाकडे निघाले.

बोधगया दहा दिवसांच्या वाटेवर राहिली असताना डोंगर आणि दलदल लागली. त्यातच इत्सिंगला तापाने गाठले. चार पावले चालावे आणि बसावे, अशी अवस्था झाली. तांडा पुढे निघून गेला. संध्याकाळी एकट्याला गाठून दरोडेखोरांनी त्याच्या अंगावरचे वस्त्रसुद्धा काढून नेले. त्या भागात गोऱ्या कातडीचा माणूस सापडला तर त्याचा बळी देतात, अशी अफवा त्याने ऐकली होती. तेव्हा त्याने काय करावे? चिखलाच्या खड्ड्यात शिरून सगळ्या अंगाला चिखल फासला, वर झाडाचा पाला गुंडाळला आणि काठी टेकीत टेकीत चालू लागला. रात्र बरीच झाल्यावर एका गावाजवळ पोचला, तर गावाबाहेर उभा राहून महायानप्रदीप त्याला मोठमोठ्याने हाका मारीत होता! त्याने याला वस्त्र दिले, तळ्यावर नेऊन अंग धुवायला लावले. परदेशात अर्ध्या रात्री आपल्या भाषेत आपले नाव ऐकू येणे ही काय चीज असते, ते ज्याला अनुभव आहे त्यालाच कळेल.

अशा रीतीने आमचा विद्यार्थी नालंदात आला.

भारतात पाहुणा भिक्खू विहारात आला की सगळे म्हणतात "स्वागत" आणि पाहुण्याने लगेच म्हणायचे "सुस्वागत", हे इत्सिंगने मुद्दाम टिपून ठेवले आहे. आपल्याकडे मंडपाच्या कमानीवर "सुस्वागतम्" लिहितो, तोच शब्द. एवढे की तेव्हा त्यातला एक अर्धा यजमानाचा आणि एक अर्धा पाहुण्याचा होता.

त्या वेळी नालंदात आठ मोठी दालने आणि तीनशे खोल्या होत्या, असे तो सांगतो. भिक्खूंची संख्या एके ठिकाणी तीन हजारांवर देतो, दुसरीकडे साडेतीन हजार. अनेक पिढ्यांच्या राजांनी दान दिलेल्या दोनशेहून अधिक गावांच्या उत्पन्नावर हे सर्व चाले. ह्युएन त्संगच्या चरित्रात दहा हजारांचा आकडा आहे, आणि आपल्या भाषणांतून तोच नेहमी ऐकू येतो. इत्सिंग तिथे दहा वर्षे राहिला होता. त्याच्या बारीक नोंदी पाहता मला त्याचाच आकडा जास्त विश्वासाचा वाटतो. आकडा लहान झाला म्हणून नालंदा लहान होत नाही.

ह्युएन त्संगची गोष्ट तशी वेगळी होती. तो खास पाहुणा. त्याला रोज महाशाली तांदूळ, सुपाऱ्या, जायफळ, कापूर, दूध आणि लोणी, महिन्याला तेल, सेवेला माणसे आणि फिरायला हत्ती! सर्वसाधारण विद्यार्थ्याच्या वाट्याला हे कुठले? इत्सिंगच्या लिखाणात हत्ती नाही. त्यात खोल्यांचे वाटप आहे. दर वर्षी वर्षावासापूर्वी संघाची सभा भरे आणि ज्येष्ठतेप्रमाणे खोल्या नव्याने वाटून दिल्या जात. चांगली खोली ज्येष्ठांना, मग उतरत्या क्रमाने. खोली कायमची कोणाचीच नाही. यामुळे "माझे माझे" करण्याची वृत्ती जाते, असे तो लिहितो, आणि आपल्या देशातल्या मठांनीही हे करावे असे त्याला वाटते. खोली साधारण दहा फूट लांब-रुंद. दाराला पडदा लावायची परवानगी नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याला आतला माणूस काय करतो ते दिसले पाहिजे. पुतणीला हे फोनवर सांगितले तर ती म्हणाली, "काका, मी एक दिवस राहिले नसते!"

आता दिवसाकडे वळू.

वेळ मोजायला पाणघड्याळ होते. तांब्याच्या मोठ्या भांड्यात पाणी आणि त्यावर तरंगणारी, तळाला टाचणीच्या टोकाएवढे भोक असलेली वाटी. वाटी भरून बुडाली की नगाऱ्यावर एक टोला. दुसऱ्यांदा बुडाली की दोन. चौथ्यांदा बुडाली की चार टोले, त्यावर दोनदा शंख आणि पुन्हा एक टोला, म्हणजे एक प्रहर झाला. आपल्याकडे जुन्या लग्नांत मुहूर्त पाहायला घंगाळात घटिकापात्र सोडीत, तेच हे. नालंदातली ही घड्याळे राजांनी दान दिलेली होती आणि त्यावर नजर ठेवायला पोरेही नेमून दिली होती. माध्यान्ह उलटली की जेवण बंद, त्यामुळे ढगाळ दिवशी या वाटीवर सगळ्यांचे लक्ष! बोधगया आणि कुशीनगर इथे वाटीचे माप वेगळे होते, सकाळपासून दुपारपर्यंत ती सोळा वेळा बुडे, हेसुद्धा या पठ्ठ्याने टिपले आहे.

सकाळी उठल्यावर दातवण. बारा बोटे लांब, कमीत कमी आठ, करंगळीएवढे जाड. एक टोक चावून मऊ करायचे, दात घासायचे आणि मग तेच चिरून जीभ खरवडायची. चीनमध्ये लोकांची समजूत होती की भारतातले दातवण म्हणजे विलो नावाच्या झाडाची फांदी. इत्सिंग लिहितो की हे साफ चूक आहे. विलोची झाडे भारतात फारशी नाहीतच. नालंदात बुद्धाच्या दातवणापासून वाढले असे सांगितले जाणारे एक झाड होते. ते त्याने स्वतः पाहिले आणि ते विलो नव्हते. पुस्तकातली चूक प्रत्यक्ष झाडापाशी उभे राहून दुरुस्त करणे, याला मी खरा अभ्यास म्हणतो.

मग आंघोळीची घंटा. नालंदाच्या आसपास दहापेक्षा जास्त मोठी तळी होती. घंटा झाली की ज्याने त्याने आपला आंघोळीचा पंचा घ्यायचा आणि निघायचे. कधी शंभर, कधी हजार भिक्खू एकदम बाहेर पडत आणि चारी दिशांच्या तळ्यांकडे जात. डोळ्यांसमोर आणून पाहा! आंघोळ जेवणाआधी, उपाशीपोटी करायची, जेवल्यावर नाही, हा नियम. आमची आजी हेच सांगायची, तिने इत्सिंग वाचला नव्हता.

जेवणाची जागा शेणाने सारवलेली, वर हिरवी पाने पसरलेली. वीतभर उंचीची, वेताने विणलेली बैठी आसने हाताहाताच्या अंतरावर मांडलेली, एकाचा स्पर्श दुसऱ्याला होऊ नये म्हणून. पाय जमिनीवर टेकून बसायचे. चीनमध्ये मात्र मठांतून रुंद आसनावर मांडी घालून गुडघ्याला गुडघा लावून बसत, त्याचा त्याला राग येई. आधी आल्याचा अंगठ्याएवढा तुकडा आणि मीठ वाढायचे. मग भात, त्यावर वरण, त्यावर गरम तूप, आणि बोटांनी कालवून खायचे. पाचही भारतांत काड्यांनी जेवणे कोणाला माहीत नाही, असे तो लिहितो. मगधात गव्हाचे पीठ कमी आणि तांदूळ भरपूर. कांदा खात नसत. भाज्या कच्च्या खात नसत, आणि म्हणून इथल्या लोकांना पोटाच्या तक्रारी कमी, असा त्याचा निष्कर्ष. मातीची भांडी एकदा वापरून टाकून देत. पाण्याच्या घागरी दोन, एक पिण्याची आणि एक धुण्याची, आणि त्यांची अदलाबदल अजिबात चालत नसे. माझ्या पुतणीचे चार डबे मला इथे आठवले.

शौचाला जाण्याच्या रीतीवरही त्याने स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्याच्या वृत्तांतात एकूण चाळीस प्रकरणे, आणि उशीवरसुद्धा मजकूर सापडतो. भारतात उशीत लोकर, कापूस असे काही भरून ती मऊ करीत. चीनमध्ये लाकडी उशी वापरीत, त्यामुळे मान अवघडते आणि डोके दुखते, अशी त्याची तक्रार. एखादा म्हणेल, एवढे काय त्यात? पण हा माणूस मायदेशातल्या भिक्खूंना सांगत होता की, तुम्ही ज्याला विनय म्हणता त्यातले निम्मे तुमच्याच देशाची सवय आहे, मूळची रीत नव्हे. उशी, पंचा, घागर ही त्याची साक्षीपुराव्याची साधने होती.

संध्याकाळी वंदना. तीन हजार माणसे एका जागी जमवणे अवघड, म्हणून एक गायक भिक्खू नेमलेला असे. पुढे धूप आणि फुले घेतलेली मुले आणि सेवक, मागे तो, असे आठही दालनांतून फिरत. प्रत्येक ठिकाणी तीन किंवा पाच श्लोक उंच स्वरात म्हणायचे आणि पुढे जायचे. अंधार पडेपर्यंत फेरी पूर्ण होई.

आणि अभ्यास? तोही होताच. मुलांची सुरुवात "सिद्धिरस्तु" या अक्षरओळखीने होई. सहाव्या वर्षी सुरू करून सहा महिन्यांत संपे. आठव्या वर्षी पाणिनीची सूत्रे, तीही आठ महिन्यांत पाठ! पुढे पंधराव्या वर्षापासून पाच वर्षे वृत्तिसूत्र, अठरा हजार श्लोकांएवढे. चीनहून येणाऱ्याने हे आधी केले नाही तर बाकीचे सगळे श्रम वाया, असा त्याचा स्पष्ट इशारा आहे. सदतिसाव्या वर्षी घर सोडलेल्या माणसाने लहान मुलांच्या बरोबरीने धातुरूपे घोकायची, हे सोपे नसणार. त्याने वैद्यकाचाही अभ्यास केला होता, पण आपले मुख्य काम ते नव्हे म्हणून सोडून दिला.

शिकायला येणारे सगळे भिक्खू नसत. पुढे प्रव्रज्या घेण्याच्या इच्छेने येणारी मुले असत, तसेच नुसती बाहेरची विद्या शिकून घरी परत जाणारेही असत. त्यांनी खर्च आपला आपण करायचा. संघाच्या धान्यातून त्यांना फुकट जेवू घालणे नियमाला धरून नव्हते. पण त्याने संघासाठी कष्टाचे काम केले असेल, तर त्या मानाने त्याला जेवण देता येई. म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटलांची "कमवा व शिका" ही कल्पनाच की! शिष्याने पहाटे आणि रात्री गुरूंकडे जायचे, अंग चेपायचे, वस्त्रे घडी करून ठेवायची, पाण्यात किडे आहेत का पाहायचे. आणि शिष्य आजारी पडला तर गुरूने स्वतःच्या लेकराप्रमाणे त्याची शुश्रूषा करायची. दुसरी बाजू आपण बहुधा विसरतो, इत्सिंग विसरला नाही.

घराची आठवण येत नव्हती असे नाही. निघताना शांतुंग प्रांतातल्या लोकांनी त्याच्याजवळ रेशीम दिले होते. त्याचे त्याने मूर्तीच्या मापाचे चीवर करून बोधगयेला अर्पण केले. कोणी छत्रे दिली होती, कोणी "माझ्या वतीने वंदन कर" एवढेच सांगितले होते. तेही त्याने नेमाने केले. परदेशी निघालेल्या पोराच्या पेटीत शेजारीपाजारी काय काय कोंबतात, ते आपण जाणतोच. प्रकृतीसाठी उपास, जिनसेंगचा काढा आणि चहा एवढ्यावर वीस वर्षांहून अधिक काळ निभावले, असे तो सांगतो. सातव्या शतकात परमुलखात चहा जपून वापरणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

एका गोष्टीने मात्र तो व्यथित होता. इतर देशांच्या लोकांना भारतात आपापले विहार होते. सिंहलाचा विहार बोधगयेला होता, तुखार आणि कपिश इकडच्या लोकांचे होते. चिनी विद्यार्थ्याला हक्काची जागा नव्हती. फार पूर्वी श्रीगुप्त नावाच्या राजाने मृगशिखावनाजवळ चिनी भिक्खूंसाठी एक विहार बांधून त्याला चोवीस गावे दिली होती, असे वृद्ध लोक सांगत. इत्सिंगच्या काळी त्याचा फक्त विटांचा पाया उरला होता. जो येईल तो पाहुणा म्हणून फिरत राही, आणि अभ्यासाला स्थैर्य मिळत नसे. वसतिगृह नसले की हुशार मुलाचेही काय होते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. श्रीविजयवाल्यांनी पुढे हा प्रश्न सोडवला. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याने नालंदात विहार बांधला आणि त्याच्या विनंतीवरून पाल राजा देवपालाने त्याला पाच गावे लावून दिली. तो ताम्रपट १९२१ साली नालंदाच्या उत्खननात सापडला.

सुमारे ६८५ साली इत्सिंग चारशे संस्कृत ग्रंथ घेऊन निघाला आणि श्रीविजयात बसून भाषांतर करू लागला. तिथे कागद आणि शाई मिळेना. ६८९ मध्ये, कँटनला कागद-शाई आणि लेखनिकांच्या मजुरीसाठी पत्र द्यावे म्हणून तो बंदरातल्या जहाजावर चढला. तेवढ्यात वारा अनुकूल झाला, नावाड्यांनी शिडे उभारली आणि जहाज निघाले ते निघालेच! पत्र पाठवायला गेलेला माणूस पत्राबरोबर चीनला पोचला, आणि ग्रंथ राहिले सुमात्रात. त्याच वर्षी मदतनीस घेऊन तो परत आला. ६९२ मध्ये त्याने आपला वृत्तांत पुढे धाडला, ६९५ मध्ये स्वतः गेला. सम्राज्ञी वू त्याला सामोरी आली. ७१३ साली तो वारला तोवर त्याने छप्पन्न ग्रंथांची भाषांतरे केली होती. पुढे १८९६ मध्ये ताकाकुसू या जपानी विद्वानाने ऑक्सफर्डमधून त्याच्या वृत्तांताचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. हा ताकाकुसू तिथे मॅक्स म्युलरकडे शिकायला आलेला परदेशी विद्यार्थीच होता. आपल्या मराठीतले धर्मानंद कोसंबीही असेच १९०२ साली पाली शिकायला सिंहलला गेले आणि त्यांनी ते दिवस पुढे "निवेदन" या आत्मचरित्रात लिहिले.

पुतणी परत आली तेव्हा मी तिला विचारले, "तुमच्या या देवाणघेवाणीत तू घेतलंस ते कळलं, दिलंस काय?" ती म्हणाली, "पोहे शिकवले चौघांना." बरे केले म्हणालो. नालंदात दाओशी नावाचा एक चिनी भिक्खू शिकला, त्याने जाताना चिनी भाषेतले चारशेहून अधिक खंड नालंदाच्या संग्रहात ठेवले होते. तो स्वतः मायदेशी पोचला नाही, भारतातच वारला. इत्सिंग नालंदाला आला तेव्हा त्याला त्याची रिकामी खोली पाहायला मिळाली.

असे वारलेले पुष्कळ. इत्सिंगने आणखी एक पुस्तक लिहिले, त्यात पश्चिमेकडे, म्हणजे भारताकडे निघालेल्या छप्पन्न भिक्खूंची लहान लहान चरित्रे आहेत. पुढे जोडलेले चार धरले तर साठ. कोणी समुद्रात बुडाला, कोणी वाटेत तापाने गेला, कोणाचे काय झाले याचा पत्ताच लागला नाही. त्यांत कोरियातल्या सिल्ला राज्याचेही विद्यार्थी होते. आर्यवर्मा हे नाव घेतलेला एक जण सत्तरी ओलांडून नालंदातच वारला. परत जावे ही त्याची इच्छा होती.

दुसरा हेओप. याची आणि इत्सिंगची कधी भेट झाली नाही. एके दिवशी नालंदातल्या ग्रंथसंग्रहात चिनी ग्रंथ चाळत असताना एका ग्रंथाच्या शेवटी इत्सिंगला एक ओळ दिसली. त्याने तिथल्या भिक्खूंकडे चौकशी केली. ते म्हणाले, हो, होता असा एक जण, इथेच वारला, साठीच्या आसपास होता, त्याने उतरवून घेतलेली संस्कृत पुस्तके अजून इथे आहेत. नालंदातल्या त्याच्या मुक्कामाविषयी याहून जास्त काही कळले नाही. दहा वर्षांपूर्वी आम्ही उपासक-उपासिका मिळून नालंदाला गेलो होतो. त्या विटांच्या खोल्यांतून, झोपायच्या ओट्यांजवळून, दिव्याच्या कोनाड्यांजवळून फिरताना मी तिथल्या रखवालदाराला दातवणाच्या झाडाविषयी विचारले. तो म्हणाला, "साहेब, इथली सगळी झाडं नंतरची." ती ओळ होती एवढीच, की सिल्लाचा भिक्खू हेओप याने बुद्धाच्या दातवणाच्या झाडाखाली बसून हे लिहून घेतले.